ब गटातली चोवीस वर्षं

पोयसर, कांदिवली
घटस्थापना, १९८५

प्रिय धोंडिराम,

माझं पत्र बघून तू डोळे मोठे करशील. बोरिवली काही लंकेत नाही, चालत निघालो तरी चहा गरम असेपर्यंत तुझ्या वझिऱ्याला पोचेन. पण आपण समोरासमोर आलो की गाडी भांडणावर जाते, आणि आज मला भांडायचं नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर कोंबडीने पाय ओढल्यासारखं. नाही लागलं तर सुगंधावहिनींकडून वाचून घे, पण मधेच "बघू बघू" करून हिसकावू नकोस.

कबड्डीचा हंगाम तोंडावर आलाय. तुझ्या संघाची नावं संघटनेकडे गेली असतील. आमच्या जय भैरी मंडळाची अजून गेलेली नाहीत. दसरा उलटला की नावं घेत नाहीत, हे मला ठाऊक आहे आणि पोरांनाही. रोज संध्याकाळी मैदानावर पाय ठेवला की माणिक विचारतो, "अण्णा, नावं दिली का?" मी म्हणतो, "तू आधी दम वाढव, नावाचं मी बघतो." पूर्वी यावर हसायचा. हल्ली हसत नाही.

परवा मैदानावर पाणी मारता मारता मी पार मागे गेलो. एकसष्ट साली आम्ही चाळीमागचं भाताचं खाचर सपाट केलं, फक्कीने रेषा मारल्या आणि आम्हांला वाटलं, झालं कबड्डीचं मैदान. पहिला सामना तुमच्याशी. तू आलास, चप्पल काढलीस, चार पावलं चाललास आणि सगळ्यांदेखत म्हणालास, "जयवंत्या, हे मैदान आहे की खडीची खाण? माझ्या पोरांच्या गुडघ्यांची सालटी काढायला बोलावलंस काय रे?" मला असा संताप आला होता म्हणून सांगू! सामना न खेळताच तुम्ही परत गेलात. घरी आमची रत्नप्रभा म्हणाली, असल्या माणसाला परत दारात उभं करू नका. पुढच्या रविवारी बघतो तर तूच हातगाडी ओढत येतोयस, गाडीत चाळलेली लाल माती, वर मिठाची दोन पोती, आणि मागून तुझा चढाईचा हुकमी खेळाडू खंडू ढकलतोय. पाण्यात मीठ घातलं की माती ओल धरते, धूळ उडत नाही, हे तू मला त्या दिवशी शिकवलंस. दुपारभर आपण खडे वेचले. रत्नप्रभेने तुम्हांला पिठलं-भाकरी वाढली आणि तू तिसरी भाकरी मागितलीस तेव्हाच तिचा राग गेला. मग उन्हं उतरल्यावर त्याच मातीवर तुम्ही आमच्यावर दोन लोण चढवलेत. आमचे सातच्या सात दोनदा बाद! जाताना म्हणालास, "आता मैदान बरं झालंय. संघाचं तेवढं बघ." मेल्या, ते मी अजून विसरलेलो नाही.

संघाचं बघायला मला कोण शिकवणार होतं? मी कारखान्यातला फिटर. तुमचे सामने बघायचो, घरी येऊन काड्यापेटीच्या काड्या जमिनीवर मांडायचो, आणि कुठली काडी कुठे असती तर तुझा खंडू निसटला नसता, याचा विचार करायचो. माझी शाळा म्हणजे तूच, फक्त तुला ठाऊक नव्हतं. आम्ही ब गटातले ते ब गटातलेच राहिलो. लोक विचारायचे, "काय जयवंतराव, यंदा वर चढणार ना?" मी म्हणायचो, "वरच्यांना जागा रिकामी करायला वेळ लागतो हो." पण आमच्या सामन्याला सगळी चाळ यायची. बायका भाजी निवडत बसायच्या, आणि आमचा भाऊराव चढाईला निघाला की भाजी तशीच हातात राहायची.

एकदाच चढलो, चौऱ्याहत्तर साली. तुझ्याशीच सामना होता, जिंकेल तो अ गटात. गुण बरोबरीत आणि शेवटची चढाई भाऊरावाची. तो आत घुसला, पाय फेकला, परत आला. पंच म्हणाले, कोणाला लागलेलं नाही. आमच्या बाजूला सुतक. आणि तेवढ्यात खंडू हात वर करून म्हणाला, "लागलं. माझ्या करंगळीला." असं म्हणून तो स्वतःच रेषेबाहेर जाऊन उभा राहिला. तुझं तोंड मला अजून दिसतंय. "अरे हरिश्चंद्राच्या नातवा, तुला आजच सापडलं का खरं बोलायला?" म्हणून तू ओरडलास. पंच गोंधळले, आता काय करायचं म्हणून तुझ्याकडे बघायला लागले. तू एकदा नाही म्हटलं असतंस तरी चाललं असतं. पण तू म्हणालास, "माझा पोरगा सांगतोय ना लागलं? द्या त्यांना गुण." आम्ही वर गेलो, तुमचं वर्ष गेलं. आम्ही पुढच्याच वर्षी घसरून परत खाली आलो ते वेगळं, पण अ गटातला तो एक हंगाम आम्हांला तुझ्या हातून मिळाला. तेव्हा मी तुझे आभार मानले नाहीत. तूही मानू दिले नसतेस.

आणि संपाचं वर्ष? आमचे निम्मे खेळाडू गिरणीतले. संप लांबला तसे एकेक करून गावाला गेले, कोणी देवगडला, कोणी राजापूरला. तुमच्याशी सामना ठरलेला आणि आमच्याकडे उभं राहायला चार माणसं. तू पंचांना निरोप दिलास की मैदान ओलं आहे, सामना पुढे ढकला. एप्रिलात! ढग सोड, नळालासुद्धा पाणी नव्हतं. पंच बघायला आले तर तू खरंच सगळं मैदान भिजवून चिखल करून ठेवलेला. वहिनी सांगत होत्या, विहिरीवरून स्वतः हंडे वाहिलेस. त्या आठवड्यात आमचे तिघे गावाहून परतले आणि आम्ही सात जण उभे राहिलो. हरलो, पण उभे राहून हरलो.

गेलेले बहुतेक परत आले नाहीत. भाऊराव आता गावाला आंब्याची कलमं बघतो. बाकीच्यांची लग्नं झाली, खोल्या विकून कोणी नालासोपाऱ्याला गेले, कोणी विरारला. कोणावर राग नाही. ज्याला जिथे भाकरी मिळाली, तिथे तो गेला. आज माझ्याकडे पाच पोरं आहेत. माणिक मरोळला कारखान्यात खोकी बांधतो, रोजावर. डावीकडून चढाई करतो, आणि त्याचा पाय असा येतो की मला जुना खंडू आठवतो. चारचौघांत म्हणालो नाही कधी, पण चोवीस वर्षांत माझ्या हाताखाली असा खेळाडू आला नव्हता. बँकांचे, रेल्वेचे संघ खेळाडू निवडतात तेव्हा त्यांची माणसं अ गटाचे सामने बघतात. तुम्ही दोन वर्षांपूर्वी वर चढलात, तुमच्याकडे ती येतात. आमच्याकडे कोण फिरकतं? भाजी निवडणाऱ्या बायका नोकरी देत नाहीत.

म्हणून मी ठरवलं, धोंडिराम. यंदा जय भैरीची नावं द्यायची नाहीत. पाच पोरांना इकडून तिकडून दोन ठिगळं लावून मला नाव जिवंत ठेवता येईल, पण त्यांची उमेदीची वर्षं माझ्या नावावर खर्च होतील. काल त्यांना सांगितलं, यंदा धोंडिरामकडून खेळा. माणिक उसळला, "अण्णा, वझिऱ्याची बनियन घालायची? जन्मभर ज्यांना शिव्या घातल्या त्यांची?" मी म्हटलं, "शिव्या मी घातल्या, बाळा, तुम्ही नुसत्या ऐकल्यात. आणि आपल्या मैदानाची माती कोणी आणली, ते जरा विचारून ये." पाचही जणांची ना हरकत पत्रं सही करून सोबत जोडली आहेत. दसऱ्याला तू मैदानाची पूजा करतोस, त्या सकाळी मी त्यांना घेऊन येतो. त्यांना पाहुणे समजू नकोस, तुझ्या पोरांना हाणतोस तशाच शिव्या हाण. माणिकला लगेच खेळवायचा की बाकावर बसवायचा, ते तू ठरव, मी विचारणार नाही. तू नारळ फोडलास की मी प्रसाद घेऊन निघेन. चहाला थांब म्हणू नकोस. थांबलो तर रेषेबाहेरून ओरडायला लागेन, आणि एका मैदानावर दोघे ओरडले तर पोरांनी ऐकायचं कोणाचं?

वहिनींना नमस्कार.

इतक्या वर्षांचा तुझाच प्रतिस्पर्धी,
जयवंत