जादा किल्ली

राहुरी,
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

चि. पुष्पास अनेक आशीर्वाद.

आज संध्याकाळपर्यंत माझ्या घराची जादा किल्ली कुणाच्या तरी हवाली करायची आहे, म्हणून हे पत्र. फोन केला असता तर तू आधी "ताई, काय झालं?" असं विचारलं असतंस. काही झालेलं नाही. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या सुनेने, रेश्माने, शिवणाचा क्लास सुरू केला का?

आमच्या वसाहतीची हकीकत तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. बिल्डरने म्हाताऱ्यांसाठी घरं बांधली, बरीचशी विकली आणि कारभार मात्र स्वतःकडे ठेवला. सगळ्यांच्या जादा किल्ल्या त्याच्या ऑफिसातल्या कपाटात. दिवाळीत वैजनाथराव न्हाणीघरात पडले, तेव्हा कपाटाला कुलूप आणि मॅनेजर गावाला. दार फोडेपर्यंत ते ओल्या फरशीवर पडून होते.

रहिवासी संघाची अध्यक्ष म्हणून मी बिल्डरच्या मागे लागले. "सगळी घरं विकल्याशिवाय संघाच्या ताब्यात काही देता येत नाही, बाई," हे त्याचं पालुपद. मी डबा घेऊन त्याच्या ऑफिसात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. शेवटी कपाट आमच्याकडे आलं.

किल्ल्या संघाच्या खोलीत ठेवू, असं बाकीच्यांचं मत होतं. मीच म्हटलं, "कपाट कुणाचंही असो, ते धावत येत नाही. किल्ली माणसाकडे हवी." म्हणून नियम केला, प्रत्येकाने आपली किल्ली वसाहतीतल्या एका शेजाऱ्याकडे द्यायची.

आज सकाळी सभागृहात वाटप झालं. आसारामभाऊंनी आपली किल्ली चांगुणाबाईंपुढे धरली.

"मी रातच्याला कानातलं मशीन काढून ठिवते," त्या म्हणाल्या. "तुमी किती बी वरडा, मला कळायचं न्हाई."

"मग आदल्या दिवशी सांगून पडतो."

सगळे हसले. मी नोंदी करत होते. शेवटी टेबलावर एकच किल्ली राहिली.

"बाई, ही कुनाची?" आसारामभाऊंनी विचारलं.

"माझी."

"तुमाला कशाला लागतंय कुनी? तुमी पडायच्या आधी फरशीच भिऊन बाजूला व्हईल."

पुन्हा हशा. मीही हसले. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि माणसं उठली.

कुणी मुद्दाम केलं नाही. व्हरांड्यात कुरडया वाळत घातल्या म्हणून मी चांगुणाबाईंना नोटीस दिली होती, आसारामभाऊंना मोठ्याने रेडिओ लावतात म्हणून. माझ्याकडेही कुणी किल्ली दिलेली नाही, हे नोंदी तपासताना लक्षात आलं. मला मागता आलं असतं, सांगता आलं असतं. मी वही मिटली आणि किल्ली उचलली.

मी हे घर घेतलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "तिथं तुला कोण विचारणार?" कुणी विचारू नये म्हणूनच जाते, असं मी म्हटलं. तेव्हा ते खरं होतं.

बुधवारी मी ओट्यापाशी खाली बसले. बसले म्हणजे, पायच गेले. दूध उतू जाऊन गॅस विझला, वास यायला लागला. हात कसाबसा वर नेऊन बटण बंद केलं आणि पुढे बराच वेळ दाराच्या कडीकडे बघत राहिले. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी कमी केली आहे, तेव्हा काळजी करू नकोस. आतली कडी मात्र मी आता लावत नाही.

श्रीगोंद्याहून तू वेळेवर पोहोचणार नाहीस, एवढं मला कळतं. शेजारी वसाहतीतलाच हवा, त्यामुळे ही नोंद नियमात बसतही नाही. म्हणून विचारते. मागची खोली रिकामी आहे, सकाळचं ऊन येतं. बहिणीला राहू देता येतं, संघाचे नियम पुन्हा वाचून खात्री केली. तुझी नात सृष्टी तुझ्याशिवाय जेवत नाही, हे मला माहीत आहे. संक्रांतीपर्यंत तरी ये. नाहीच जमलं, तर सोबतची किल्ली परत पाठवू नकोस. तुझ्याकडेच असू दे.

तुझा हर्षल इथे मित्राच्या लग्नाला आला आहे. संध्याकाळी परत निघताना त्याच्याकडे हे पाकीट देते.

तुझी वाट पाहणारी,
ताई

नोंद
घर क्र. १७ ची जादा किल्ली एक, लाल दोऱ्यासह.
देणार : पंकजा.
घेणार : पुष्पावती.
नाते : <s>शेजारी</s> बहीण.