उतारावर लावलेली गाडी

बाबा, गाडीचा सेल्फ स्टार्टर गेला होता. महिना होऊन गेला असेल. सकाळी आईला मागच्या सीटवर बसवलं, तिच्या पायांवर शाल टाकली, डबा ठेवला, चावी फिरवली आणि नुसतं 'टक्' झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. तुम्ही असता तर आधी दिवे पाहायला सांगितलं असतं, म्हणून मी दिवे लावले आणि मग चावी फिरवली. दिवे मंद झाले नाहीत. म्हणजे बॅटरी ठीक होती, दोष सेल्फच्या पोटात होता. इतकं कळलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसावंसं वाटलं. एवढ्या वर्षांनी तुमची विद्या कामी आली, ती कशासाठी, तर ही गाडी आता उठणार नाही हे खात्रीनं कळण्यासाठी.

तुम्ही गेलात तेव्हा आई धडधाकट होती. धानाच्या रोवणीला चार बायांच्या पुढे असायची. आता तिची मूत्रपिंडं काम करत नाहीत. आठवड्यातून दोनदा तिला चंद्रपूरला न्यावं लागतं, तिथे एक मशीन तिचं रक्त बाहेर काढून, धुऊन, परत आत सोडतं. त्यात अर्धा दिवस जातो. येताना ती खिडकीला डोकं लावून डोळे मिटून असते आणि मी जंगलातल्या रस्त्यावर डुकरं-चितळं सांभाळत गाडी चालवते. पिण्याचं पाणी तिला मोजून द्यावं लागतं. भरलेल्या तलावाच्या काठी राहणाऱ्या बाईला मी लहान पेल्यानं पाणी मोजून देते, बाबा. मी मूल गावच्या शाळेत शिकवते, रजा संपत आल्या आहेत, माझ्या घरचे नागपूरला आहेत, ते फोनवर विचारतात आणि मी 'चाललंय' म्हणते. दमले आहे. हे दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही.

सेल्फ गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी आई म्हणाली होती, "उद्या मले नोको नेऊ. थकली मी आता." मी म्हटलं, बघू. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगून ठेवलेलं आहे, मशीन बंद केलं तर फार दिवस नाहीत. ते आईलाही माहीत आहे. तरी सकाळी मी तिची साडी बदलली, वेणी घातली आणि लहान पोरीला शाळेत न्यावं तसं तिला गाडीत नेऊन बसवलं. म्हणून टक् झालं तेव्हा मागून आवाज आला, "पाह्य, गाडीबी नाई म्हणते."

नळाच्या पाईपसाठी आपली गल्ली खोदलेली होती, त्यामुळे गाडी तलावाच्या पाळीवर लावलेली होती. तुमची जीप असायची त्याच जागी, मोहाच्या झाडाखाली. पाळीवर मासे धरणारे एक भाऊ जाळं सोडवत बसले होते. दोन-तीनदा टक् ऐकल्यावर त्यांनी मान वर केली. "काऊन मॅडम, आज गाडीले चहा नाई पाजला काय?" उत्तर आईनं दिलं. "तू जाळं सोड ना गा आपलं. मासोळी एक नाई सापडत, अन् गाडीच्या गोष्टी करते." मग तिनं मागचं दार उघडलं, दाराला धरून धरून पुढे आली आणि माझ्या खिडकीवर टकटक केलं. "सरक वं. मले बसू दे समोर."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. गाडी चालवणं आईला कधीच आलं नाही, पण गाडी उठवणं येतं. तुमच्या हाताखालची ती एक विद्या. तुम्ही मालकाची प्रवासी जीप चालवत होतात आणि तिचा सेल्फ मेलेला. आपल्या धानाच्या सपाट मुलखात उतार म्हणावा असा एकच, पाळीवरून रस्त्याकडे उतरणारा, म्हणून जीपचा मुक्काम पाळीवर. पहाटे तुम्ही आईला उठवून न्यायचात. ती आत बसायची, चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. तुम्ही उघड्या दाराला खांदा लावून, एक हात स्टिअरिंगवर ठेवून जीप रेटत उताराच्या तोंडाशी आणायचात. जीप वेग घ्यायला लागली की ओरडायचात, "सोड!" आई क्लच सोडायची, जीप एक आचका द्यायची आणि धूर सोडून सुरू व्हायची. आई लगेच क्लच आणि ब्रेक दाबून ती थांबवायची, मग तुम्ही आत, आई बाहेर. मी कधीमधी फ्रॉकवर स्वेटर घालून पाळीवर उभी असायचे. आई घरी परत येताना एकटीच हसत असते, ते मला अजून दिसतं.

त्या सकाळी तसंच केलं. जाळ्यावाले भाऊ जाळं खाली ठेवून मागून रेटायला आले. मी दाराला खांदा लावला, हात स्टिअरिंगवर. आईचे सुजलेले पाय पेडलवर, चप्पल काढून ठेवलेली. मला 'सोड' म्हणायला जमेना, आईला कसं सोड म्हणायचं, तर तीच ओरडली, "सांग ना वं, कवा सोडू?" मी ओरडले. गाडीनं आचका दिला आणि इंजिन लागलं. आईनं ब्रेक दाबला. भाऊ म्हणाले, "बाई, तुमी तं ड्रायव्हर होऊन जा." आई लाजली, बाबा. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. चंद्रपूर येईपर्यंत ती नको म्हणाली नाही. मशीनच्या खोलीत शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "आमची गाडी माह्याशिवाय उठत नाई."

आता तो स्वयंपाकघरातला दिवस सांगते. तुम्हाला तो आठवत असेल की नाही ठाऊक नाही, मला फार आठवतो. मी तिसरी-चौथीत असेन. माझा धाकटा भाऊ जन्मून थोडेच दिवस राहिला आणि गेला, त्यानंतरचे दिवस. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायची. भात तुम्हीच टाकायचात, तो कधी कच्चा, कधी लागलेला. त्या दुपारी तुम्ही जीपचा सेल्फ खोलून घरी आणला होता. चुलीजवळ पोतं अंथरून त्यावर तो ठेवला, रॉकेलनं पुसला, आणि मी प्रश्न विचारून विचारून भंडावलं तेव्हा समजावून सांगितलं. "चावी गाडी चालू करते असं तुले वाटते ना? चावी नुसती हाक मारते. तिच्या वायरीत करंट थोडासाच. तो या डबीत येते." सेल्फच्या पाठीवरची ती डबी तुम्ही बोटानं वाजवलीत. "डबीतली कांडी मंग मागं ओढली जाते, अन् एका दमात दोन कामं करते. या लहान चाकाले पुढं ढकलते, इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या दात्यात दात घालाले. अन् मागं तांब्याचे दोन तुकडे जोडून देते. तवा कुठी बॅटरीचा खरा करंट जाड्या वायरीनं मोटरीत येते, अन् मोटर फिरते." लहान चाक माझ्या बोटाएवढ्या दात्यांचं, काळं, तेलकट. ते एवढं मोठं इंजिन फिरवतं हे मला पटेना. तुम्ही म्हणालात, "फिरवत नाई. पह्यली गिरकी तेवढी देते. मंग इंजिनानं आपलं आपण पेट घ्याचा. पेटलं का यानं दात सोडून मागं यायचं. नाई आला तं इंजिनच याले गरगर फिरवून जाळून टाकते."

मोटरीला करंट पोचवणारे कार्बन झिजले होते, ते काढून तुम्ही नवे बसवलेत. मग खाली ठेवलेल्या बॅटरीच्या वायरी लावल्या आणि सेल्फवर पाय दाबून ठेवलात, कारण तो उडी मारतो. वायर टेकवली आणि तो जो घुमला! चुलीवरची ताटली हलली. मी मागे सरकले. आतून आईचा आवाज आला, किती तरी वेळानं, "काय होय ते?" तुम्ही वायर सोडलीत. माझ्याकडे पाहिलंत. आणि म्हणालात, "काई नाई वं. बिघडलाच हाय हा. सुधरत नाई. उद्या पहाटे तुलेच यावं लागते." मग मला हळूच, "सांगजो नोको."

दुसऱ्या पहाटे आई उठली. कुरकुरत, डोक्यावर पदर घेत, पण उठली. त्यानंतर रोज. सेल्फ जीपमध्ये बसवलेला होता, अगदी चांगला चालत होता, दिवसभर तुम्ही तो वापरत असणार. आणि पहाटे मात्र जीप पाळीवर, तोंड उताराकडे. मी स्वतः गाडी शिकले तेव्हा कळलं की तसा उतार असला तर दुसरं माणूस लागतच नाही. ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळू द्यायची, क्लच सोडायचा. तेव्हा मी नागपूरला होते आणि तुम्ही नव्हतात. क्लासच्या गाडीत बसून मी हसले, शिकवणाऱ्याला वाटलं मी त्याला हसते.

तर मीही तेच केलं. मूलच्या मिस्त्रीकडे सेल्फ खोलून घेतला, कार्बनच गेले होते, त्यानं नवे टाकले. चावी फिरवताच गाडी उठते. आईला सांगितलं नाही. येताना चंद्रपूरला गाडी आधीच चालू करून दवाखान्याच्या दारात आणते. जायच्या दिवशी पहाटे तिला म्हणते, आई, गाडी उठवायची आहे, आणि ती काठी टेकत माझ्याआधी पाळीवर पोचते. भाऊ आता जाळं घेऊन ठरल्यासारखे तिथेच असतात. त्यांनी एकदा मला विचारलंही, "मॅडम, मिस्त्री नाई भेटून राह्यला काय तुमाले?" मी म्हटलं, पार्ट मिळत नाही. ते रेटायला लागले.

मला वाटत होतं, जमलं. परवा येताना, जंगल संपून पहिली शेतं लागतात तिथे, आई डोळे मिटूनच बोलली. "गल्ली बुजून किती दिस झाले वं? गाडी अजून पाळीवरच लावते तू." मी म्हटलं, असू दे, तिथे सावली असते. मग म्हणाली, "तुह्या बापालेबी असंच वाटे. मले समजत नाई म्हून. घरात एवढ्या जोरानं फिरला तो सेल्फ, मी का भैरी होती?"

मी गाडी बाजूला घेतली. रस्त्यावर कुणी नव्हतं. मी विचारलं, मग तू रोज कशी जात होतीस? "मले उठाचं होतं ना तवा," ती म्हणाली. "पडून पडून कंटाळली होती. पण आपल्या आपण उठाले लाज वाटे, पोरगं जाऊन महिना नाई झाला अन् ही उठली, लोक काय म्हणन. त्यायनं निमित्त देल्लं, मी घेतलं." मग डोळे उघडून माझ्याकडे पाहून, अगदी मऊ आवाजात, "आता निमित्त नोको देऊ, पोरी. घेऊन घेऊन थकली मी."

इतकंच. परत डोळे मिटले. मी चावी फिरवली, गाडी पहिल्याच झटक्यात उठली.

लहानपणी एकदा मी जीपमध्ये बसून चावी दाबूनच धरली होती, जळका वास येईपर्यंत. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, त्या दिवशी मात्र हातावर चापट बसली होती. "दम घेऊ दे त्याले. एकदा, दोनदा, नाई उठली तं सोडून दे. डिझलच नसंल टाकीत, तं सेल्फ जाळून काय उपेग?" चापट अजून हातावर आहे. पण डिझेल नाही हे कुणी ठरवायचं, बाबा? त्या खाटेवर शेजारच्या बाईशी बोलताना ती हसते, जाळ्यावाल्या भाऊंची टर उडवते, पाळीवरून तलावाकडे बघते. ते काय असतं मग? आणि खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असते तेव्हा ते काय असतं? तुम्ही तिला उठवलंत, तेव्हा तिचं अख्खं आयुष्य समोर होतं. मी उठवते आणि सुईकडे नेते.

उद्या जायचा दिवस आहे. मी ठरवलं आहे, गाडी दारासमोर आणीन, तिच्यासमोर चावी फिरवीन, तिला ऐकू येईल असं. आणि विचारीन, आई, जायचं का? ती जे म्हणेल ते. 'बघू' असं म्हणणार नाही. नाही म्हणाली तर शाल परत घडी करून ठेवीन आणि तिच्याजवळ बसेन, आणि पाण्याचा पेला मोजणार नाही. हे ठरवून झालं आहे.

आई अंगणात तांदूळ निवडत बसली आहे, उजेड आहे तोवर. हा कागद कुठे पाठवायचा नाहीच, चुलीजवळच्या फळीवर राहील. फक्त एक तुम्हाला सांगते. मघाशी दूध आणायला जाते असं सांगून मी बाहेर पडले आणि परवापासून दारासमोर लावलेली गाडी पाळीवर नेऊन लावून आले. तोंड उताराकडे करून.