निकालाच्या वहीतलं उजवं पान

बाई,

उद्या सकाळी अकरा वाजता तुमचं पान मशीनवर चढणार आहे. बार्शीटाकळीच्या आपल्या वाचनालयाची स्मरणिका निघते आहे, आणि ती छापायला आली आहे अमरावतीत, मी जिथे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवतो त्याच प्रेसमध्ये. वाचनालयाचे अध्यक्ष आता माझे काका आहेत. तुमच्यावरचा मजकूर त्यांनीच मोबाईलवर पाठवला. तुमचा एक फोटो आणि अकरा ओळी. दहावी ओळ अशी होती: ‘पुत्रशोकाने प्रकृती खालावल्यामुळे त्यांनी स्वेच्छेने काम सोडले.’ मी ती जशीच्या तशी टाईप केली. दोनदा तपासली. मग उठून पाणी प्यायलो आणि परत येऊन तिसऱ्यांदा तपासली. ती ओळ खोटी आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

वाचनालयात तुमच्या टेबलावर एक लांबट वही असायची. आम्ही पोरं तिला निकालाची वही म्हणायचो. गोष्टीचं पुस्तक परत करताना त्या गोष्टीत चूक कोणाची, हे वहीत लिहून द्यायचं, असा तुमचा नियम. निकाल डाव्या पानावर. त्याच्यासमोरचं उजवं पान कोरं सोडायचं. ‘ते काहून, बाई?’ मी विचारलं होतं. ‘न्यायाधीशाले निकाल देऊन झोप नाई आली, तं उठून कुठं लिहीन तो?’ असं तुम्ही म्हणालात आणि सगळे हसले. मीही हसलो. मला तेव्हा छान झोप येत होती.

मी तुमचा लाडका होतो, हे लिहायला संकोच वाटतो. बारावीच्या पुढे मी गेलो नाही, पण जे काही नीट लिहिता येतं ते त्या खोलीत शिकलो. चार वाजता तुम्ही स्टोव्हवर चहा ठेवायचात आणि मला विचारायचात, ‘घेशील?’ मी म्हणायचो, ‘आत्ताच घेऊन आलो, बाई.’ आईने मला पाठ करून दिलेलं वाक्य होतं ते. ‘पुस्तक आण, पण तिथं काही खाऊ-पिऊ नको.’ कारण तिने कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. आमच्या भाजीच्या वाडीतली मेथी-पालक तुमच्या घरी जायची, तुमच्या घरचं आमच्याकडे काही येत नसे. आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. तुमची पुस्तकंही आई देवघराच्या खोलीत येऊ देत नसे. ती खिडकीत असायची.

मी पंधरा वर्षांचा असताना तुम्ही मला एक कादंबरी दिली. तिच्यातल्या बाईचं लहान मूल जातं आणि चौथ्या दिवशी ती आठवडी बाजारात भाजी विकायला बसते. गिऱ्हाईक काहीतरी बोलतं, ती हसते. सगळं गाव तिला नावं ठेवतं. मी डाव्या पानावर निकाल लिहिला: ‘चूक त्या बाईची. तिच्या चेहऱ्यावर दुःखाचा लवलेशही नव्हता.’ ‘लवलेश’ हा शब्द मी नुकताच शिकलो होतो. तुम्ही वाचलंत आणि विचारलंत, ‘शेवटपर्यंत वाचली?’ मी हो म्हणालो. बाई, शेवटची तीसेक पानं मी वाचली नव्हती. निकाल आधीच ठरला होता, मग वाचायचं कशाला?

त्याच वर्षी अकोल्याच्या रस्त्यावर अपघातात तुमचा मुलगा गेला. चौथ्या दिवशी सकाळी मी वाचनालयावरून जातो तर दार उघडं आहे. तुम्ही खुर्चीवर बसून फाटक्या पुस्तकाला डिंक लावता आहात. मी दारातच उभा. तुम्ही वर न बघता म्हणता, ‘ये ना. परीक्षा आहे पोरायची, किती दिवस बंद ठेवू?’ मग थोड्या वेळाने म्हणता, ‘घरी बसलं की दारातली त्याची चप्पल दिसते रे. इथं तुमच्या सगळ्यायच्या चपला दिसतात. बरं वाटते.’ तेवढ्यात दोन मुली भांडत आत आल्या, एकीने दुसरीची तक्रार केली आणि तुम्ही हसलात. ते हसणं मी पाहिलं.

संध्याकाळी काका आमच्या ओट्यावर आले. तेव्हा ते वाचनालयाच्या समितीत नवीन होते. ‘पोरगं जाऊन चार दिवस नाई झाले, अन् हे बाई कुलूप उघडून बसली. सुतकातले हात लागलेले पुस्तकं आपल्या घरात येऊन राहिले.’

मी म्हणालो, ‘काका, त्यायच्यात सुतक पाळत नाईत.’

‘त्यायच्यात नसन. वाचनालय तं साऱ्यायचं आहे ना? तू लय वकील नको होऊ. अक्षर चांगलं आहे तुयं, अर्ज लिह्य.’

आई आतून म्हणाली, ‘लिहून दे ना बापू, काका सांगून राहिले तं.’

मी लिहिला. काका सांगत गेले, मी सुधारत गेलो. त्यांचं बोलणं रांगडं होतं, माझ्या हातून ते सभ्य झालं. ‘वाचकांच्या भावना’ वगैरे. आणि एक वाक्य त्यांनी सांगितलेलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने घातलं, कारण ते मला छान जमलेलं होतं: ‘त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाचा लवलेशही नव्हता.’ चपलेचं मला सकाळीच कळलं होतं. त्या गावात ते फक्त मलाच माहीत होतं. काकांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, ‘वा रे पोट्ट्या! हे जबरदस्त झालं.’ मला आनंद झाला. हे लिहायलाच हवं.

पंधरा दिवसांत समितीने तो अर्ज तुमच्या हातात दिला आणि तुम्हाला काढलं. शेवटच्या दिवशी मी पुस्तक परत करायला आलो, म्हणजे बघायला आलो, अर्ज माझ्या हातचा आहे हे तुम्हाला कळलंय का ते. तुम्ही निकालाची वही उघडली, माझं पान काढलं, त्या वाक्याखाली बोट ठेवलं आणि वही माझ्याकडे फिरवली. मी खाली बघत राहिलो. स्टोव्हवर पाणी उकळत होतं. ‘चहा घेशील?’ तुम्ही विचारलंत.

‘आत्ताच घेऊन आलो, बाई.’

‘हो,’ तुम्ही म्हणालात. ‘तू नेहमी घेऊनच येतोस.’

मग वही आणि ती कादंबरी माझ्या हातात ठेवलीत. ‘घेऊन जाय. उजवं पान तुयंच आहे.’

तीन वर्षांनी आईचा फोन आला, ‘तुयी वाचनालयवाली बाई गेली.’ मी तेव्हा इथे नवा होतो. सुट्टी मिळाली असती. मी मागितली नाही. त्या आठवड्यात वलगाव रोडवरच्या माझ्या खोलीत बसून ती शेवटची तीस पानं वाचली. त्यात विशेष काही घडत नाही. ती बाई बाजारातून घरी येते आणि गेलेल्या मुलाचं झबलं धुऊन दोरीवर घालते. रोज धुते. एवढंच. कोणी बघत नाही. लिहिणाऱ्याने ते फक्त मला दाखवलं होतं आणि मी तिथवर गेलोच नव्हतो.

काल मी काकांना फोन केला. ‘काका, दहावी ओळ खरी नाही. बाईंनी काम सोडलं नव्हतं, त्यांना काढलं होतं.’

‘मेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिवा लागते. तुले काहून खाज सुटली?’

‘पण ते खोटं आहे.’

‘तू टाईप करणारा आहे ना? टाईप कर.’

मी ओळ बदलली. ‘मुलाच्या मृत्यूनंतर चौथ्या दिवशी वाचनालय उघडल्याबद्दल त्यांच्याविरुद्ध अर्ज आला आणि समितीने त्यांना काढले.’ आज दुपारी पूर्ण अंक काकांच्या मोबाईलवर पाठवला. खाली लिहिलं, पान सात नीट बघा. चार मिनिटांत फोन आला. ‘माहा फोटो मस्त आला बे. छाप.’

पान सातपर्यंत, म्हणजे तुमच्या पानापर्यंत, वाचत यायलाही चार मिनिटं पुरली नसती. मी परत विचारू शकलो असतो. विचारलं नाही. उद्या संध्याकाळी अंक गावात पोचतील. मग माझी नोकरी राहील की नाही, आणि दिवाळीला घरी जाता येईल की नाही, माहीत नाही. ते होईल ते होईल. हे पत्र मी तुमच्या वहीतच लिहितो आहे, उजव्या पानावर सुरू केलं आणि पुढे सरकत गेलो.

एक राहिलं. अर्ज आला असं मी छापतो आहे. तो कोणी लिहिला हे घातलेलं नाही. पान सातवर खाली तीन ओळींची जागा होती, बाई. मी तिथे नक्षीचं एक फूल टाकलं.