सावलीचे दान

ठाणे, मु. कोपरी
चैत्र वद्य ४, शके १८०८

ती. गं. भा. लक्ष्मीआत्या यांचे चरणी
सगुणेचे कृ. सा. न. वि. वि.

इकडील सर्व मंडळी खुशाल. मुलींच्या शाळेत शिकवायला जाऊ लागून मला महिना झाला. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. हे तुझ्या जावईबापूंनी वाचू नये म्हणून ते कचेरीत गेल्यावर लिहायला बसले आहे.

उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची झाली, पण सुटते ती ऊन माथ्यावर आल्यावर. शाळेजवळच्या तलावापासून कोपरीपर्यंत धड सावली नाही. रूळ ओलांडले की खाडीकडच्या मिठागरांची पांढरी झळ खालून तोंडावर येते. पदर वरून झाकतो, खालून काय झाकावे? नाक आणि गाल सोलून निघाले, कपाळावर फोड आले. काल तर घरी येऊन उंबऱ्यातच बसले, डोळ्यांपुढे अंधारी आली. सासूबाई रागावल्या नाहीत, पण पाणी देता देता शाळेचा विषय त्यांनी काढलाच.

रजा घेण्याची सोय नाही. शिकवणारी मी एकटी. एकदा वर्ग बंद पडला की पुन्हा उघडायचा नाही, असे शाळेच्या अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी बजावले आहे. तुझ्याजवळ झाडपाल्याचे काही असेल तर पाठव. पुरुषमाणसे घेतात तशी मीही छत्री घ्यावी असे कधी मनात येते. रागावू नकोस, नुसते मनात येते.

लोभ वाढता असावा, ऊन तेवढे उतरते असो.
तुझी सगुणा


कल्याण
चैत्र वद्य ८, शके १८०८

चि. सौ. सगुणा हिस
लक्ष्मीआत्याचे अ. आ. वि. वि.

मी सांगते आहे आणि माझा प्रभाकर लिहितो आहे. त्याने मध्ये हसायचे नाही असे ठरले आहे.

सोबत कोकमाच्या घट्ट तेलाचे मुठेल पाठवते. बोटाच्या उबेने पातळ करून रात्री निजताना चोळ. फोडांवर कोरफडीचा गर ठेव. दारात कोरफड नसेल तर बाई म्हणून तू संसार कसला करतेस? तोंड ताकाने धुवावे, साबण नावाच्या जिनसाला हात लावू नये. सहाणेवर चंदन उगाळून घरी आल्याबरोबर कपाळाला लाव. रिकाम्या पोटी निघू नकोस, पेलाभर ताक पिऊन जा, आणि पदराच्या टोकाला कांदा बांध.

छत्रीचे मात्र मनातही आणू नकोस. बाईमाणसाने छत्री उघडून रस्त्याने जायचे म्हणजे चारचौघांना हसायला बोलावणे. कुठेशी एका बाईवर पोरांनी त्यापायी खडे टाकले असे ऐकले आहे. आईवेगळी पोर म्हणून तुला मी वाढवले. तुझे हसे झालेले मला सोसवणार नाही.

जिवाला जप, आणि या म्हातारीवर माया ठेव.
लक्ष्मीआत्या

ता. क. मी हसलो नाही. कांद्याचा उपाय मात्र माझ्यावर लहानपणी झाला आहे. ऊन लागले नाही हे खरे, पण दोस्तमंडळीही जवळ आली नाहीत. – प्रभाकर


ठाणे, मु. कोपरी
चैत्र वद्य १३, शके १८०८

ती. गं. भा. आत्यास
सगुणेचे कृ. सा. न. वि. वि.

मुठेल रात्री लावायचे ते मी उतावळीने सकाळी लावून निघाले आणि घरी येईतो पुरीसारखी तळून निघाले. पुढे तू सांगितलेस तसेच केले. रात्रीतून भेगा मिटतात, कोरफडीने आग शमते. एकदा सकाळीही चंदन लावून गेले, तर पहिलीतली एक मुलगी विचारू लागली की बाईंचे आज लग्न आहे काय.

पण आत्या, रात्रीत भरून आलेले दुपारी पुन्हा उकलते. इथल्या वैद्यांना दाखवले. ते म्हणाले, तुमच्या आत्याबाईंचे लेप उत्तम, पण ते भाजल्यावरचे. भाजू नये म्हणून सावलीवाचून दुसरे औषध नाही.

म्हणून तुझी आज्ञा मोडली. जावईबापूंची छत्री घेऊन शाळेत गेले. तेही घाबरले होते, पण छत्री हातात त्यांनीच दिली. रुळांच्या फाटकाशी माणसे थांबून बघत राहिली. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी बोलावले. दोन मुलींच्या घरून निरोप आला होता की असल्या बाईंकडे आमच्या मुली येणार नाहीत. छत्री सोडा, नाहीतर शाळा सोडा, असे त्यांनी सांगितले.

छत्री सोडली. काल उघड्या उन्हात येताना फाटकाजवळ चक्कर येऊन पडले. आमची शेजारीण बायजा मिठागरावरून परतत होती, तिने धरून घरी आणले. आता सासूबाईही म्हणतात, पुरे झाले. अक्षय्यतृतीयेनंतर राजीनामा देणार आहे. मुली नुकत्या बाराखडीत रमू लागल्या होत्या. मला फार वाईट वाटते आहे, आणि हे तुझ्यापाशी नाही तर कुणापाशी बोलू?

आज्ञा मोडली तरी माया मोडू नकोस.
तुझी सगुणा


कल्याण
वैशाख शुद्ध ३, शके १८०८

चि. सौ. सगुणा हिस
आत्याचे अ. आ. वि. वि.

तुझे पत्र वाचताना तू पडलीस तिथे प्रभाकर थांबला. मला पुढचे ऐकवेना.

दर अक्षय्यतृतीयेला तुझ्या आतोबांच्या नावाने मी पाण्याचा कुंभ, जोडा आणि छत्री दान देते, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. वैशाखात कुणा जिवाचा ताप निवावा, एवढाच त्यात हेतू. यंदाची छत्री आणून कोनाड्यात ठेवली होती. तिच्याकडे बघताना मनात आले की आजवरच्या छत्र्या भटजींच्या माळ्यावर टांगून आहेत, त्यांच्या बायकोनेच मला सांगितले, आणि माझी पोर उन्हात पडते.

भटजींना विचारले, दान भाचीला दिले तर चालते का. ते म्हणाले, भाचीला दिलेले तर फार उत्तम. छत्रीचे नाव काढल्यावर जरा अडखळले, पण बोलून बसले होते. त्यांना जोडा आणि कुंभ दिला. आज सकाळी उदक सोडून छत्री तुझ्या नावाने केली, ती प्रभाकर घेऊन येत आहे.

आता ही तुझी हौस नव्हे, माझे दान आहे. घेणाराने वापरले नाही तर देणाराचे पुण्य वाया जाते, आणि तेही गेलेल्या माणसाच्या नावचे. अध्यक्षांना सांग, ही सावली मिटायची असेल तर कल्याणला येऊन माझ्या तोंडावर तसे सांगावे. मागल्या पत्रात मीच नको म्हटले होते. लोकांच्या हसण्याला मी भ्याले. तू पडलीस हे ऐकल्यावर ते भय राहिले नाही.

छत्री दिवसा, मुठेल रात्री. एवढे पाळ, माझा आशीर्वाद तुझ्या माथ्यावर आहे.
लक्ष्मीआत्या


ठाणे, मु. कोपरी
वैशाख वद्य ५, शके १८०८

ती. गं. भा. आत्यास
सगुणेचे कृ. सा. न. वि. वि.

तुझे पत्र अध्यक्षांना वाचून दाखवले. त्याच तृतीयेला त्यांनीही छत्री दान दिली होती, असे त्यांच्याच तोंडून निघाले. मग म्हणाले, दानाला नको कसे म्हणावे, मुलींच्या घरी मीच सांगेन. रागावलेल्या दोघीही परत आल्या.

आता शाळा सुटली की कोपरीकडच्या मुली छत्रीखाली दाटी करतात आणि मी अर्धी बाहेर राहते. डावा खांदा अजून भाजतो, पण नाक नवे कोरे आले आहे. सासूबाई मी यायच्या आधीच चंदन उगाळून ठेवतात आणि आज मुली काय शिकल्या ते विचारतात. राजीनामा लिहिलेला कागद मुलींना होड्या करायला दिला.

तुझी माया अशीच माथ्यावर राहो.
तुझी सगुणा


कल्याण
वैशाख वद्य ९, शके १८०८

चि. सौ. सगुणा हिस
आत्याचे अ. आ. वि. वि.

तुझे पत्र ऐकले आणि काल दुपारी आतोबांची जुनी छत्री खुंटीवरून काढली. ती उघडून दुर्गाडीच्या देवीला जाऊन आले. बघणारे बघत होते, मीही त्यांच्याकडे बघितले. इतकी वर्षे ती त्यांच्या डोक्यावर पाहिली, पण आतून कशी असते ते ठाऊक नव्हते. फार बरे वाटते गं. वाटेत त्यांची फार आठवण आली.

घरी आले तर ती मिटेना. खूप खटपट केली. शेवटी ओसरीवर तशीच उघडी ठेवली, तिच्याखाली आता मांजर निजते. प्रभाकर मिटून देतो म्हणतो, पण मी त्याला हात लावू दिला नाही.

शाळेला सुटी लागली की लगेच ये. उघडायचे माझे मला जमले. मिटायचे आमच्या मास्तरीणबाईंनी येऊन शिकवावे.

तुझी वाट बघणारी,
लक्ष्मीआत्या