माझा शब्द तू पुरा करायचास

पप्पा, मी तुझ्यावर चिडलोय. तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता चिडलोय, म्हणून अजूनच चिडलोय. तू होतास तेव्हा मी लहान होतो, मला वाटायचं तू माझं चांगलंच करतोयस. लालबागच्या आपल्या खोलीत कोणी पाहुणा येतो, विचारतो बाळा नाव काय तुझं, मी पहिल्या अक्षरावर अडकतो आणि तू लगेच नाव सांगून टाकतोस. वाण्याकडे तूच, डॉक्टरकडे तूच. माझं पोट कुठे दुखतंय तेपण तूच सांगायचास. एकदा तर चुकीची बाजू सांगितलीस, आणि डॉक्टर तिथेच दाबत बसले.

मग शाळेत आलास. कामावरून तसाच आलेलास, बाई हजेरी घेत होत्या. दरवाजातूनच म्हणालास, "बाई, याला उभा करू नका. बोलताना अडकतो, पोरं हसतात." सगळ्या वर्गासमोर. तोपर्यंत अर्ध्या पोरांना माहीतच नव्हतं. बाई चांगल्या होत्या, त्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून धडा वाचायची पाळी माझ्या अलीकडच्या पोरावरून थेट पलीकडच्यावर जायची. बाजूचा म्हणायचा, तुझी मजा आहे रे, फुकटात सुटतोस. मला धडा येत असायचा पप्पा. घरी मोरीत नळ सोडून मी मोठ्याने वाचायचो. तू गेलास, बाई बदलल्या, पण तुझं ते वाक्य शाळेतच राहिलं. एका सरांनी दुसऱ्यांना सांगितलं, दुसऱ्यांनी तिसऱ्यांना. नववीत तोंडी परीक्षेला सर म्हणाले, राहू दे, तुला असाच पास करतो, बस. त्या दिवशी घरी आलो तो परत गेलोच नाही. सगळ्यांना वाटलं मी पोरांच्या चिडवण्याला कंटाळलो. चिडवणारे परवडले, ते निदान माझ्याशी बोलायचे तरी. आता हिंदमाताला साड्यांच्या दुकानात घड्या घालतो. शेठ खूश आहे, म्हणतो हा पोरगा बडबड नाही करत.

यंदाच्या गणपतीचं तुला सांगायचंय. नारळ हातात घेऊन देवापुढे आपल्या घरचं गाऱ्हाणं तू घालायचास, तुझ्यानंतर काका. रीत तुला माहीत आहे, थोरल्याचा मुलगा मोठा झाला की त्याने घालायचं. म्हणजे मी. पण काकाने परस्पर आपल्या मुलाला उभं केलं. तो माझ्याहून लहान, त्याला मालवणी येत नाही, मोबाईलवर लिहून आणलेलं. काका माझ्या कानात म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको. दादा असता तरी त्याने हेच केलं असतं." तेच डोक्यात गेलं. कारण ते खरं होतं.

मी पुढे झालो, नारळ हातात घेतला. मी घालतो म्हणायला गेलो आणि घा वरच अडकलो. "घालतो म्हणतोय," काका बोलला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. आई मोदकांचं ताट घेऊन उभी होती. आई मालवणीवर आली की समजायचं, संपलं. "भावजी," ती म्हणाली, "त्याका बोलांदे."

बा देवा गणपती म्हाराजा, इथपर्यंत बरा गेलो. मग अडकलो. पप्पा, गाऱ्हाण्यात वाक्य संपल्याशिवाय मागच्यांना व्हय म्हाराजा म्हणता येत नाही. त्यामुळे सगळे थांबले. चाळीतली माणसं, काका, तो मोबाईलवाला, सगळे. मोदक गार झाले. होऊ देत. इतकी माणसं माझ्या एका वाक्यासाठी कधीच थांबली नव्हती. शेवटी मी मागितलं, ह्या घरात कोणी कोणाचा बोलणा तोडू नये रे म्हाराजा. आणि सगळे बोलले, व्हय म्हाराजा. काकापण.

तू वर्गाच्या दरवाजात नुसता उभा राहिला असतास आणि मला बोलू दिलं असतंस तर काय झालं असतं? पोरं हसली असती. मग थांबली असती.

हे लिहिलेलं मी आईलापण दाखवणार नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. गाऱ्हाण्यात घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यावी लागतात. तुझं नाव आलं तिथे मी सगळ्यात जास्त अडकलो, निघेचना. तेव्हा मी मान वळवून मागे बघितलं. मला वाटलं, तू बोलून टाकशील.