तापायच्या आधीचा आवाज

३ फेब्रुवारी

आलो एकदाचे! सामान अजून दारातच पसरलंय, नवरा त्यातल्याच एका गादीवर पालथा पडून घोरतोय आणि मी नव्या वहीचं पहिलं पान खराब करत बसले आहे.

दोघांना एकाच ठिकाणी काम मिळालं, हे सांगितलं तर माहेरी कुणाला खरं वाटणार नाही. जुन्यापुराण्या मोटारी घ्यायच्या आणि पहिल्या दिवशी होत्या तशा करून विकायच्या, हा इथला धंदा. नवरा गाड्या चालवून बघणार आणि तयार झालेली गाडी गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन उभी करणार. मी गाड्यांतले जुने रेडिओ दुरुस्त करणार. काचेच्या व्हॉल्व्हचे, चालू केल्यावर आधी निवांत तापणारे आणि मग बोलणारे. मालकांनी विचारलं, बाई असून हे कुठे शिकलात? मी म्हटलं, बाबांकडे, आणि तेही बाई असूनच.

त्याची बस कंपनी बंद पडल्यापासून तो घरी बसून होता. शेवटी शेवटी तर न गळणारे नळसुद्धा दुरुस्त करायला लागला होता. आज मालकांनी हातात किल्ल्यांचा जुडगा दिला तेव्हा त्याची मान एकदम ताठ झाली. किती दिवसांनी बघितलं मी ते. मला खरंच रडू येत होतं, पण लोक होते म्हणून शिंकल्यासारखं केलं.

५ फेब्रुवारी

माझी खोली शेडच्या टोकाला आहे. एका बाजूला काच, म्हणजे इंजिनवाल्यांना मी दिसते आणि मला ते. मधल्या भागात गादीवाली बसते. सीटा शिवते, तोंडात टाचण्या धरून बोलते आणि तरी सगळ्यांपेक्षा जास्त बोलते. तिने पहिल्याच दिवशी माझा चहा आणि माझा सगळा इतिहास काढून घेतला.

पहिलं काम मोठं आहे. अंगणातल्या लांबलचक काळ्या गाडीचा रेडिओ. गाडी एका म्हाताऱ्या सर्जननी घेतली आहे आणि वीस तारखेला ती त्यांच्या दारात हवी. नेणार अर्थात आमचे साहेब. गाडीभोवती ते अशा फेऱ्या मारतात की मला सवत आल्यासारखं वाटतं.

पेटी उघडली तर आत उंदराचं घरटं, वितळून ओघळलेलं मेण आणि वीज साठवणारे कागदी कंडेन्सर, तेही फुटलेले. पण आमच्या कामात जुना भाग काढून नवा चकचकीत बसवला की झालं, असं नसतं. जुन्या कंडेन्सरची कागदी नळी गरम करून रिकामी करायची, आत नवा इवलासा कंडेन्सर सरकवायचा आणि तोंड पुन्हा मेणाने बंद करायचं. बाहेरून म्हातारा, आतून तरणा. नवरा म्हणाला, मास्तर, माझ्यावरही हा प्रयोग करा. तो मला मास्तरच म्हणतो, कारण मी त्याला न विचारता शिकवते.

८ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा वीज दिली. त्याआधी व्हायब्रेटर फिरवून लावला. व्हायब्रेटर म्हणजे ती गुणगुणणारी डबी, बॅटरीच्या विजेचा दाब वाढवून देणारी. ही दोन्ही बाजूंनी बसते. त्या काळ्या गाडीत बॅटरीचं अधिक टोक पत्र्याला जोडलेलं आहे आणि माझ्या टेबलावर उणे, म्हणून टेबलापुरती ती उलटी. गाडीत घालताना आठवणीने परत फिरवायची, नाहीतर रेडिओ आवाज न करता नुसता तापत जातो.

बटण फिरवलं आणि आवाज आला. लगेच.

हे होत नाही. व्हॉल्व्ह थंड असताना रेडिओ मुका असतो. पण आला. चरचर, वाळकी पानं तुडवल्यासारखी. मग व्हॉल्व्ह लाल झाले, चरचर गेली आणि हवामानाच्या बातम्या सुरू झाल्या. बंद केला, थंड होऊ दिला, परत लावला. परत तेच. कुठलातरी कंडेन्सर गळत असेल. सापडेल.

१० फेब्रुवारी

सगळे कंडेन्सर बदलून झाले. तापल्यावर रेडिओ इतका गोड बोलतो की गादीवाली टाचण्या काढून ऐकत उभी राहिली.

तापायच्या आधीचं मात्र गेलं नाही, उलट स्पष्ट झालं. चरचर आहेच, पण तिच्या आड धप धप असं काहीतरी आहे, आणि एकदा कुणीतरी खोकलं. एरियल लावलेली नाही. मी बाबांच्या हाताखाली वाढले. बिघाडाचा आवाज मला कळतो. बिघाडाला खोकला येत नाही.

नवऱ्याला बोलावलं. तो येईपर्यंत रेडिओ तापला होता आणि गाणं लागलं होतं. तो दोन पावलं नाचला, माझ्या वाटचं बिस्कीट खाल्लं आणि गेला.

१२ फेब्रुवारी

सारखं थंड-गरम केल्याने फ्यूज उडतोय. कंटाळून त्याच्या जागी तांब्याची तार अडकवली. दुसऱ्या कुणी असं केलेलं दिसलं की मी त्याचा उद्धार करते. पण हे टेबलापुरतंच आहे.

आता आत एक माणूसही आहे. ओरडतोय. खोकला स्वच्छ येतो, धपधप स्वच्छ येते, माणसाचा आवाज तेवढा दबलेला. स्पीकरचा कागद जीर्ण झाला असेल म्हणून नवा चिकटवला. आवाजाची पट्टी ठरवणारा कंडेन्सरही बदलला.

खोकला इतका जवळ आला की मी मागे वळून बघितलं. माणूस मात्र तसाच, उशीत तोंड खुपसल्यासारखा.

मला हे थांबवता आलं असतं. रेडिओ तापलेला ठेवला की काही ऐकू येत नाही. पण मी तो थंड व्हायची वाट बघत बसते. जेवणसुद्धा टेबलाशीच केलं.

१४ फेब्रुवारी

तो माणूस मास्तर म्हणतो.

मास्तर, मास्तर, मास्तर. धपधप. खोकला. मास्तर.

जगात मला दुसरं कुणी मास्तर म्हणत नाही.

ती चरचर कसली तेही आज कळलं. जाळ आहे तो. रंग आणि रबर जळताना असाच आवाज येतो. कुठल्यातरी बंद गाडीत आग लागली आहे, आत माझा नवरा कोंडला गेलाय, काचेवर बुक्क्या मारतोय आणि मला हाका मारतोय. हे झालेलं नाही, कारण तो आत्ता काचेपलीकडे उभा राहून इंजिनवाल्याशी हसत बोलतोय. म्हणजे व्हायचं आहे. हा रेडिओ ज्या गाडीत जाणार आहे त्या गाडीत.

 शाई सांडली.

१५ फेब्रुवारी

त्याला सगळं सांगितलं. आधी हसला. मग माझ्याकडे बघितलं आणि हसू गेलं. मी थंड रेडिओ त्याच्यासमोर लावला. त्याने कान लावला. मी प्रत्येक धपधप ऐकत होते.

तो म्हणाला, काही नाही गं, शांत आहे. मग बराच वेळ माझा हात धरून बसला. त्याचा तळवा घामाने ओला होता. माझ्यासाठी घाबरला होता तो, स्वतःसाठी नाही. म्हणाला, तुझी झोप उडाली आहे. मी म्हटलं, ती गाडी नेऊ नकोस. तो म्हणाला, किती दिवसांनी मी सकाळी उठून कुठेतरी जातोय, एवढं हिरावून घेऊ नकोस.



१६ फेब्रुवारी

मालकांकडे गेले. त्या गाडीत रेडिओ नको म्हटलं. ते म्हणाले, सर्जनसाहेबांनी रेडिओसाठीच ती गाडी घेतली आहे. दुसरा ड्रायव्हर पाठवा म्हटलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि घरी सगळं ठीक ना, असं विचारलं. तोंडाला येईल ते बोलणार होते मी. 

त्याऐवजी रेडिओ जळाला असं खोटंच सांगितलं. कपाटात ठेवून कुलूप घातलं. तोडून टाकायला हवा होता. हातोडी उचलली, खाली ठेवली. तोडला तर परत ऐकता येणार नाही, आणि तो कसा वाचेल ते कळणार नाही.

१८ फेब्रुवारी

काल आणि आज मला सक्तीची सुट्टी दिली आहे. विश्रांती घ्या म्हणे. घरात एकटी. नळाचा आवाज झाला तरी उठून बघते.

दुपारी तो जेवायला आला तो शीळ घालतच. माझी नोकरी वाचवून आला होता. मालकांकडची किल्ली घेऊन कपाट उघडलं, रेडिओ गाडीत बसवला, तारा जोडल्या. स्वतः. म्हणाला, मास्तरांकडून इतकी वर्षं फुकट शिकतोय, एवढं येणार नाही? लावून बघायला वेळ झाला नाही म्हणे, पण बसलाय छान. मालक खूश. उद्याच गाडी न्यायची, एक दिवस आधी.

ताटावर बसलेला, तोंडभर हसणारा. कुणी बक्षीस आणून देतं तसा बघत होता माझ्याकडे.

मी ओरडले. खूप ओरडले. तो जेवण टाकून गेला.

१९ फेब्रुवारी, सकाळ

गाडीत बसले आहे. अंगणात. स्टिअरिंगसमोर, त्याच्या जागेवर.

त्याच्या आधी घरातून निघाले. रेडिओ काढून घ्यायचा होता, पण पाने, पक्कड सगळं माझ्या खोलीत, आणि खोलीचं कुलूप बदललंय. बोटांनी बोल्ट हलत नाहीत. नखं तुटली. मग सरळ बसूनच राहिले. दोन्ही दारं आतून लावली; खटके अजून जुनेच, अडकलेले, बाहेरून किल्लीनेही उघडत नाहीत. मी बसलेली असताना तो गाडी नेणार कशी? साधी गोष्ट. आधीच सुचायला हवी होती.

वही मांडीवर आहे. लिहीत राहिलं की दार उघडावंसं वाटत नाही.

तो आला. काचेतून खूप समजावलं. चिडला नाही, त्याचंच वाईट वाटतं. मी नाही म्हणून मान हलवत राहिले. शेवटी गादीवालीला बोलवायला गेला, बाईचं बाई ऐकेल म्हणून.

बोलवू दे. बसेन संध्याकाळपर्यंत. उद्यापर्यंत.

—

एकदा ऐकून बघू का? आता मी इथे आहे, तो बाहेर आहे. काहीतरी बदललं असेल. बदललंच असेल.

—

बटण फिरवलं.

काही नाही. चरचर नाही, खोकला नाही, कुणी नाही. शांत! थांबले, व्हॉल्व्ह तापायला हवे एवढा वेळ थांबले. तरी शांत. देवा. संपलं. जीव भांड्यात पडला माझा. हसतेय मी एकटीच. चालूच ठेवते थोडा वेळ, खात्री होऊ दे. मग दार उघडून त्याची माफी मागेन, सगळ्यांसमोर मागेन.

—

गरम मेणाचा वास.

व्हायब्रेटर. तो फिरवलाच नसणार त्याने. त्याला माहीत नाही. आणि फ्यूजच्या जागी ती तार — माझी —

बटण बंद केलं. बंद होत नाही. वितळलंय.

डॅशबोर्डखालून धूर. रबराचा.

—

दाराची मूठ हातात आली. दुसऱ्या बाजूची पण फिरते नुसती. काचा खाली करायच्या मुठी नाहीत, गादीवालीने चकाकी द्यायला काढून नेल्यात, आज निघायच्या आधी लावणार होती — चपलेने मारतेय काचेवर, जाड आहे — चरचर —

खोकला थांबत नाही

तो धावत येतोय. बुक्क्या मारतोय. धप धप. बाहेरून. मास्तर, मास्तर — आवाज दबलेला. स्पीकर चांगला होता. काचेमुळे. मध्ये काच आहे म्हणून. आत खोकत होते ती मी —

तो बाहेर आहे. बाहेरच होता. त्याला काही होणार नाही, त्याला काही

हात कापलाय त्याचा, तरी मारतोय — नको रे, मागे हो, पेट्रोल — मागे हो म्हणते त्याला ऐकू जात ना