पश्चिम दरवाजा

दादा,

तू कम्युनिस्टांची फौज घेऊन आपल्याच शहराला वेढा घातलास, तरी ते शहर लढवणारे बाबा ज्वारीची पेज पिताना तुझंच कौतुक करतात. "शत्रू झाला, पण पठ्ठ्या माझाच!" पेज वाढणारी मी त्यांना दिसत नाही.

काल नकाशावर ते सगळ्या तोफा उत्तरेला सरकवत होते. तुमचे चिनी बुद्धिबळाचे डाव मी कोपऱ्यातून पाहायचे, म्हणून राहवलं नाही. "बाबा, पटावर दादा मधली तोफ बळी देतो आणि कडेनं रथ घुसवतो. तो पश्चिम दरवाज्यानंच येईल."

बाबा थबकले. "पोरी, सेनापती तूच व्हायला हवी होतीस!"

तोफा पश्चिमेला गेल्या.

बाबांच्या या एका वाक्यासाठी मी जन्मभर तुझ्यावर जळले.

पश्चिमेनं येऊ नकोस. हे पत्र तुझ्याकडे नेणारा कोळसेवाला केव्हाचा दारात उभा आहे. मी त्याला अजून आत बोलावलेलं नाही.

तुझी धाकटी,
रुइलान